सहा महिन्यांचा नियम

ऑफिसात त्याला तोंडावर सगळे ‘साहेब’ म्हणत आणि पाठ वळली की ‘सहामाही’. हे नाव कुणी ठेवलं याची चौकशी कधी झाली नाही, कारण असल्या चौकश्या करणं हे त्याचंच काम होतं आणि त्याला ते नाव मनातून आवडत होतं. शाळेत सहामाही परीक्षेत तो कधी नापास झाला नव्हता. वार्षिकबद्दल तो फारसं बोलत नसे.

त्याचं खातं माणसं कशी जगतात हे मोजायचं. किती वर्षं जगतात, किती वर्षं शाळेत जातात, घरात काय काय असतं. या तिन्हींची मिळून एक संख्या निघायची, ती एका जाड पुस्तकात छापली जायची आणि त्या पुस्तकाच्या कव्हरवर दरवर्षी एक हसणारं मूल असायचं. तो अठ्ठावीस वर्षं दारोदार हिंडला होता. आधी कागदाचे गठ्ठे घेऊन, मग टॅब घेऊन. छप्पर कशाचं आहे, जमीन कशाची आहे, पाणी किती लांब, संडास कुणाच्या मालकीचा, घरात फ्रीज आहे का, असला तर चालू आहे का. या शेवटच्या प्रश्नावर लोक नेमके अडखळत. एका बाईने तर फ्रीज उघडून दाखवला होता. आत पुस्तकं लावलेली. “उंदीर लागत नाहीत हो,” म्हणाली. त्याने ‘आहे’वर बोट ठेवलं. पुस्तकं ठेवायचा फ्रीज असा पर्याय खात्याला सुचला नव्हता.

सगळ्यात शेवटी शिडीचं चित्र दाखवायचं. दहा पायऱ्यांची शिडी. सगळ्यात वरची पायरी म्हणजे तुम्हाला कल्पना करता येईल तितकं चांगलं आयुष्य, सगळ्यात खालची म्हणजे तितकंच वाईट. तुम्ही कितव्या पायरीवर आहात? एक चांभार म्हणाला होता, “आधी शिडी धरलीय कोणी ते सांगा, मग चढतो.” एका गवंड्याने चित्र उलटंसुलटं करून पाहिलं आणि ही शिडी पडणार, पायथा अरुंद आहे, असं ठाम मत दिलं. पाच बाळंतपणं झालेल्या एका बाईने बराच वेळ विचार करून “आठ” असं सांगितलं, आणि तो जोडे घालत असताना मागून हाक मारून म्हणाली, “अहो, सात लिहा. उगाच कुणाची नजर लागायला नको.”

पण या सगळ्याच्या आधी, दारात पाय ठेवल्या ठेवल्या, एक प्रश्न असायचा आणि त्यातच सहामाहीची हुकमत होती. या घरची माणसं किती? सोपा वाटतो, पण नवी पोरं इथेच घसरत. कुणी होस्टेलवरच्या मुलाला धरतो, कुणी माहेरी आलेल्या मुलीला धरतो, कुणी बोटीवर गेलेल्या नवऱ्याला धरतो. म्हणून नियम होता. गेल्या बारा महिन्यांपैकी निदान सहा महिने जो त्या घरात राहिला आणि जेवला, तो त्या घरचा. बाकी सगळे पाहुणे. पाहुण्यांची नावं टॅबवर फिकी पडत आणि त्यांच्यापुढचे प्रश्न उघडतच नसत. प्रशिक्षणात तो टेबलावर थाप मारून सांगायचा, “माणूस रडला, हात जोडले, चहा पाजला, तरी सहा म्हणजे सहा. पाच महिने एकोणतीस दिवस म्हणजे पाहुणा.” मागच्या बाकावरची पोरं तोंडावर हात धरून हसत.

हा नियम कुठे चावतो हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गल्लीत एक म्हातारी भेटली होती. दोन मुली, एक मुलगा, तिघांकडे सारखी वाटलेली. त्याने हिशेब केला आणि सांगितलं, “आजी, तुमचं नाव इथे बसत नाही.” ती म्हणाली, “मग कुठे बसतं?” त्याने पुन्हा हिशेब केला. “कुठेच नाही.” ती उठली, आत गेली. त्याला वाटलं चिडली. ती पाण्याचा पेला घेऊन बाहेर आली. तो उन्हातून आला होता. पाणी पिऊन तो पुढच्या घरी गेला, आणि ते घर मोठं होतं, बारा माणसांचं, त्यात तासभर गेला.

त्याची स्वतःची आईही वाटलेली होती, हे मात्र त्याच्या कधी डोक्यात आलं नाही. आता हे कसं काय, असं कुणी विचारील. दंतवैद्याच्या घरात सगळ्यांचे दात चांगले असतात का?

वडील गेले तेव्हा तिघे भाऊ बसले. थोरल्याची वसाहत शहराच्या एका टोकाला, याचं घर मध्ये, धाकट्याचं टायर पंक्चरचं दुकान आणि वर दोन खोल्या दुसऱ्या टोकाला. भांडण काहीच झालं नाही, उलट प्रत्येकाने “आई माझ्याकडे राहील” असं म्हटलं आणि प्रत्येकाची बायको गप्प बसली. मग यानेच तोडगा काढला. चार-चार-चार. नीट तक्ता आखला, तारखा घातल्या, तीन प्रती काढल्या. तिघांच्याही घरी तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला होता. गेली सात वर्षं त्यात एका दिवसाची चूक झाली नव्हती.

आईचं सामान एका पिशवीत मावायचं. औषधांचा डबा, दोन चष्मे (एक काडी मोडलेला, पण काचा चांगल्या म्हणून ठेवलेला). पिशवीबाहेर फक्त एक बुटका लाकडी स्टूल, कारण गुडघे गेल्यापासून तिला जमिनीवरून उठवत नसे. पाळी बदलायच्या दिवशी ती सकाळपासूनच आवरून, पिशवी मांडीवर घेऊन स्टुलावर बसायची.

“अगं, दुपारी येणार आहे तो. आतापासून काय बसलीस?”

“फाइल तयार असलेली बरी,” आई म्हणायची. “या टेबलावरून त्या टेबलावर जायचं. साहेबांच्या सहीसाठी थांबलेय.”

सहामाही हसायचा. त्याच्या बायकोला हसू यायचं नाही, पण ती कपड्यांच्या घड्या घालण्यात गुंतलेली असायची.

त्या वर्षीच्या फेरीत नमुन्याची घरं निघाली आणि त्याच्याच गल्लीवर चिठ्ठी पडली, त्याच्याच दारावर. स्वतःच्या घरची माहिती स्वतः घ्यायची नाही असा खात्याचा दंडक. त्यामुळे ते काम एका नव्या पोरीकडे गेलं. तिला त्यानेच शिकवलं होतं. हुशार होती, फक्त लोकांच्या घरी दिलेला चहा संपवत बसायची ही एक खोड.

ही बातमी घरात कळली आणि आईच्या अंगात वारं शिरलं. तिची त्याच्याकडची पाळी होती, तिसरा महिना चालू होता.

“म्हणजे आपल्याला विचारणार?”

“हो. सगळ्या घराला.”

“मला पण?”

“घरातल्या सगळ्यांना थोडं थोडं.”

अठ्ठावीस वर्षं ती मुलाच्या तोंडून इतरांची उत्तरं ऐकत आली होती. चांभाराची शिडी, गवंड्याची शिडी, फ्रीजमधली पुस्तकं. तिला कुणी कधी काही विचारलं नव्हतं. लग्नाच्या वेळी नाही, घर बांधताना नाही, आणि तक्ता आखताना तर नाहीच. आता ती सुनेला कामातून उठवून तयारी करू लागली.

“शाळेत किती वर्षं, असं विचारतील ना? तीन सांगू की चार? चौथीत गेले होते मी, पण परीक्षेला बसवलं नाही.”

“तीन सांगा आई. चौथी पूर्ण नाही झाली तर धरत नाहीत, हेच सांगत असतात ना हे.”

“बघ, एक वर्ष फुकट गेलं,” आई म्हणाली. “आणि शिडीचं? शिडीचं सगळ्यांनाच विचारतात?”

“विचारतात की.”

“मी ठरवलंय.”

“किती?”

“तुला कशाला सांगू? ती विचारील तेव्हा सांगेन.” आणि दिवसभर ती खुशीत होती.

पोरगी सकाळी दहाला आली. आईने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, चांगला चष्मा लावला होता आणि स्टूल बरोबर टेबलासमोर ओढून घेतला होता. सहामाही खुर्चीत अंग चोरून बसला. समोरच्या बाजूने बसायची त्याला सवय नव्हती. बायकोने चहा ठेवला. पोरीने दोन घोटांत अर्धा संपवला आणि टॅब उघडला.

त्याचं नाव, वय, शिक्षण. बायकोचं. मुलगा होस्टेलवर, नऊ महिने, फिका पडला. मग पोरीने आईकडे पाहून हसून विचारलं, “आजी, तुमचं नाव?”

आईने पूर्ण नाव सांगितलं. वडिलांचं, नवऱ्याचं, आडनाव, सगळं. शाळेत हजेरीला सांगतात तसं. मग वय. मग पोरीने सवयीने पुढचा प्रश्न वाचला. “गेल्या बारा महिन्यांत इथे किती महिने राहिलात?”

आईने मुलाकडे पाहिलं. तारखांचं खातं त्याच्याकडे होतं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. ‘सहा’ म्हणायला त्याला काहीही लागलं नसतं. पोरीने लिहिलं असतं, फेरतपासणीला कुणी त्याच्या घरी वाकडं पाहिलं नसतं. पण अठ्ठावीस वर्षांत त्याच्या जिभेला एक वळण पडलं होतं, आणि प्रश्न असा समोर आला की आतून बरोबर उत्तरच बाहेर पडायचं.

“चार,” तो म्हणाला.

पोरीचं बोट थांबलं. “मग सर, बाकीचे आठ एकाच ठिकाणी का?”

“नाही. चार दादाकडे, चार धाकट्याकडे.”

“मग सर…”

“मग काय, शिकवलंय ना तुम्हाला?” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज प्रशिक्षणातला होता. “मग नाही.”

पोरीने बोट टेकवलं. टॅबवर आईचं ते लांबलचक नाव फिकं पडलं. पुढचे प्रश्न सुरू झाले. छप्पर, जमीन, पाणी. आई लक्ष देऊन ऐकत होती, आपली पाळी येईल म्हणून. फ्रीज चालू आहे का, याला तर तिने मान हलवून साक्षही दिली. शेवटी पोरीने शिडीचं चित्र काढलं आणि ते सहामाहीपुढे धरलं. तो “सहा” म्हणाला. बायको “पाच” म्हणाली. पोरीने चित्र पिशवीत ठेवलं.

“झालं?” आईने विचारलं.

“हो आजी.”

“मला राहिलं.”

पोरगी खाली बघत होती. मग तिने पिशवीतून चित्र पुन्हा काढलं. “सांगा ना आजी. तुम्ही कितव्या पायरीवर?”

“हे लिहिणार आहेस?”

पोरीने सरांकडे पाहिलं. सर चहाच्या कपाकडे पाहत होते. “लिहिता… नाही येणार, आजी. पण सांगा ना, मला ऐकायचंय.”

आईने चष्मा काढला. काचा पुसल्या. “लिहिणार नसशील तर कशाला विचारतेस, बाई. मला गप्पांना पुष्कळ वेळ आहे, पण तुला अजून घरं घ्यायची असतील.” आणि सुनेकडे वळून म्हणाली, “हिला चहा दे गं अजून थोडा. घसा सुकला असेल.”

त्या दिवशी तो जेवला नाही. बायकोने विचारलंही नाही. दोन दिवसांनी तो स्वतःच म्हणाला, “आई अजून दोन महिने इथेच राहू दे. चार आणि दोन सहा. फेरी चालू आहे अजून, त्या पोरीला पुन्हा भेट देता येते.”

बायको भांडी पुसत होती. “हे त्यांच्यासाठी चाललंय की तुमच्या फॉर्मसाठी?”

“दोन्ही एकच ना?”

“तसं असतं तर,” ती म्हणाली, “त्या दिवशी तुम्ही ‘चार’ म्हणालाच नसता.” मग जरा मऊ आवाजात: “राहू दे. माझं काही म्हणणं नाही. दोन काय, कायमच्या राहू देत. धाकट्याकडे सोळा पायऱ्या आहेत. वर गेल्या की चार महिने खाली उतरत नाहीत त्या. तुमच्या तक्त्यात पायऱ्या कुठे होत्या?”

तो धाकट्याच्या दुकानात गेला. धाकटा ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता. सगळं ऐकून घेतलं आणि डोकं वर न करता म्हणाला, “का? आम्ही उपाशी ठेवतो तिला?”

“तसं नाही रे. पायऱ्या…”

“सात वर्षं पायऱ्या नव्हत्या? रातोरात बांधल्या मी?” त्याने ट्यूब पिळली. “तुझ्या ऑफिसात काय चाललंय सांग. नाव कुणाकडे लागतंय, त्याला काय मिळतंय?”

“काही मिळत नाही.”

“मग एवढा उन्हातून आलास कशाला?”

याचं उत्तर त्याच्याकडे तयार होतं, पण ते नियमाच्या भाषेत होतं. आई सहा महिने कुणाचीच नाही, असं तो म्हणाला. धाकट्याने ते जसं ऐकायचं तसंच ऐकलं. ट्यूब टाकून उठला. “कुणाचीच नाही? मग मी कोण?” शेजारचा गॅरेजवाला डोकं बाहेर काढून पाहू लागला. त्याच संध्याकाळी थोरल्याचा फोन आला. “तू आता आमचं पण मोजमाप काढायला लागलास का रे? मोठा साहेब झालास.” सात वर्षांत जे भांडण झालं नव्हतं, ते एका आठवड्यात झालं.

चार महिने भरले आणि एक तारखेला धाकटा रिक्षा घेऊन दारात हजर. थोरलाही आला होता, पंच म्हणून. आई आवरून स्टुलावर बसलेली, मांडीवर पिशवी.

“आई कुठेही जाणार नाही,” सहामाही म्हणाला.

“तक्ता तूच केलास,” थोरला म्हणाला.

“फाडला मी तो.”

“माझ्याकडे आहे माझा,” धाकटा म्हणाला.

आतून सहामाहीची बायको बाहेर आली. “अहो, तुम्ही तिघं एकमेकांना काय विचारताय? त्यांना विचारा की.”

हे तिघांनाही सुचलं नव्हतं. तिघेही आईकडे वळले. सहामाही तिच्यासमोर गुडघ्यावर बसला. “आई, सांग. तुला कुठे राहायचंय?”

आईने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. थोरला घामाघूम झाला होता. धाकट्याच्या हाताला टायरचं काळं लागलेलं होतं आणि तो हात पाठीमागे धरून उभा होता, लहानपणी मार मिळायच्या आधी उभा राहायचा तसा. तिला कुणीतरी अखेर प्रश्न विचारला होता, आणि तो असा विचारला होता की कुठल्याही उत्तराने दोन मुलं नापास झाली असती.

“ज्याची पाळी आहे त्याच्याकडे,” ती म्हणाली. “चल रे, मीटर पडतंय.”

धाकट्याने पिशवी घेतली. सहामाहीने स्टूल रिक्षात ठेवला. आई बसताना त्याच्या कानाशी म्हणाली, “तू वाईट वाटून घेऊ नकोस. तू विचारलंस ना.”

धाकट्याने तिला पाठीवर घेऊन सोळा पायऱ्या चढवलं, हे नंतर कळलं. त्याने तिची नीट काळजी घेतली, यात शंका घ्यायला जागा नाही. खिडकीजवळ खाट लावली, डॉक्टर वर आणला, सून रोज केस विंचरत होती. दोन आठवड्यांनी छातीत कफ भरला. सहामाही रोज ऑफिस सुटल्यावर जायचा. एकदा त्याने हळूच विचारलं, “आई, शिडीचं काय ठरवलं होतंस?” ती डोळे मिटून होती. “काय माहीत रे,” म्हणाली. “तेव्हा ठरवलं होतं.” चार दिवसांनी, सकाळी साडेआठच्या सुमाराला, ती गेली.

मृत्यूची नोंद करायला तिघे भाऊ बरोबर गेले. खिडकीपलीकडचा कारकून साठीला आलेला, चष्मा कपाळावर. त्याने नाव विचारलं, थोरल्याने सांगितलं. वय विचारलं, तेही सांगितलं.

“राहण्याचा पत्ता?”

तिघेही एकदम बोलले. तीन पत्ते.

कारकुनाने पेन खाली ठेवलं. “एकेकाने बोला. शेवटी कुठे होत्या?”

“माझ्याकडे,” धाकटा म्हणाला.

“किती दिवस?”

धाकटा बोटांवर मोजू लागला. “एकवीस दिवस,” सहामाही म्हणाला.

“त्याआधी?”

“चार महिने माझ्याकडे. त्याआधी चार महिने दादाकडे. त्याआधी याच्याकडे चार.”

“आणि त्याआधी?”

“तसंच. सात वर्षं.”

कारकुनाने तिघांना एकदा पाहून घेतलं. असे भाऊ त्याने पाहिले नसतील असं नाही. “अहो, मला एकच पत्ता लागतो. हा रकाना कोरा सोडता येत नाही. त्यांचं घर कुठलं, तेवढं सांगा.”

मागे रांगेत कुणीतरी खोकलं. थोरला जमिनीकडे पाहत होता. धाकटा रडत होता, आवाज न करता. सहामाहीने आपला पत्ता सांगितला, गल्ली, घर क्रमांक, सगळा. कारकून लिहीत गेला.

“वास्तव्य किती?”

“सात वर्षं.”

“सलग?”

“सलग,” तो म्हणाला. त्याच्या तोंडून निघालेली ही पहिली खोटी नोंद, आणि तिचा आता कुणालाही उपयोग नव्हता.

त्याला वाटलं थोरला काहीतरी बोलेल. थोरला जमिनीकडेच पाहत राहिला. कारकुनाने शिक्का मारला, कागद खिडकीतून सरकवला आणि “नाव बरोबर आहे का बघून घ्या” म्हणत पुढच्याला हाक मारली.

तिघे बाजूला झाले. बाकड्याशी उभं राहून थोरल्याने कागद वाचला. आईचं नाव, वडिलांचं, नवऱ्याचं, आडनाव, सगळं होतं. त्याने तो धाकट्याला दिला. धाकट्याने हात पँटला पुसले, मग कागद धरला, बराच वेळ धरला. खालचा पत्ता त्याने दोनदा वाचला असावा. मग घडी न घालता त्याने तो सहामाहीपुढे केला.

“घे,” धाकटा म्हणाला. “तुझ्याकडेच राहू दे.”